जुन्या जीपचा बोल्ट वाचायचा कसा?

प्रश्न : आमच्या आजोबांनी तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात फिरायला म्हणून एक सेकंडहँड जीप घेतली होती. बरीच वर्षं ती राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये उभी आहे. घरात सगळे तिला ‘मिलिटरीची जीप’ म्हणतात. एक मिस्त्री म्हणतो विलीज, दुसरा म्हणतो फोर्ड, तिसरा म्हणतो, कशाची मिलिटरी, साधी महिंद्रा आहे. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. गॅरेजवाल्याचा सल्ला असा, की सगळे नटबोल्ट, दिवे, मीटर काढून नवे टाका, गाडी चकाचक होईल. पण मूळचं काय आणि मागाहून बसवलेलं काय, हे ओळखायचं कसं? आणि एवढ्याशा बोल्टानं खरंच काही फरक पडतो का?
– एक वाचक, नागरा (जि. गोंदिया)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फरक पडतो, आणि तुमच्या जीपच्या बाबतीत तर बराच पडतो. इतक्या जुन्या गाडीत मोठमोठ्या गोष्टी एव्हाना बदलून गेलेल्या असतात. इंजिन दुसरं आलेलं असतं, पत्रा जागोजाग जोडलेला असतो, रंगाचे किती हात बसले ते कोणी मोजलेलं नसतं. मात्र ज्या बोल्टाला पाना लावायची कधी गरजच पडली नाही, तो कारखान्यात आवळला तसाच राहतो. टूलबॉक्सच्या झाकणाची बिजागरी, डॅशबोर्डमागचा ब्रॅकेट, सीटच्या फ्रेमचे पाय या जागांकडे सहसा कोणी वळत नाही. म्हणून गाडी कोणाची, हे सांगण्यात बॉनेटपेक्षा अशा बोल्टांची साक्ष जास्त भरवशाची.

तेव्हा गॅरेजवाल्याला सध्या थांबवा. आधी वाचन, मग पाना.

प्रश्न : मग विलीज, फोर्ड की महिंद्रा, हे आधी ठरवायचं कसं?

उत्तर : थोडा इतिहास लागेल. अमेरिकन सैन्याला १९४० साली हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीनं दिला. पुढे १९४१ मध्ये मोठं कंत्राट ओहायोतल्या टोलेडो शहरातल्या विलीज-ओव्हरलँडला मिळालं. एका कारखान्याला मागणी झेपेना, म्हणून त्याच आराखड्यावर फोर्डलाही जीप बनवायला लावली. विलीजचं मॉडेल ‘एमबी’ आणि फोर्डचं ‘जीपीडब्ल्यू’. दोघांनी मिळून युद्धाच्या काळात सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. दोन्ही गाड्यांचे सुटे भाग एकमेकांना चालावेत, ही सैन्याची अटच होती. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला त्या जुळ्या वाटतात.

तिसरी महिंद्रा. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीजच्या नागरी जीप जोडायला सुरुवात केली, आणि पुढे परवान्यावर त्या इथेच बनवल्या. आपल्याकडे वनखात्यात, तहसिलात, तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांकडे ज्या जीप दिसायच्या, त्यांतल्या बहुतेक याच. १९५३ पासूनचं ‘सीजे-३बी’ हे उंच बॉनेटचं मॉडेल सगळ्यांत ओळखीचं. त्याच्या एफ-हेड इंजिनाची उंची जास्त, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं.

युद्धातली की नागरी, हे ठरवायला पाना लागत नाही.

एक, पुढची जाळी. युद्धातल्या जीपला नऊ उभ्या फटी असतात, युद्धानंतरच्या नागरी विलीजला सात. विलीजच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांना दाबून काढलेली जाळी नव्हती, लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या. अशी पट्ट्यांची जाळी निघाली, तर ती फार दुर्मीळ गोष्ट आहे.

दोन, हेडलाइट. युद्धातल्या जीपचे दिवे जाळीच्या आत बसतात आणि बिजागरीवर असतात. मागचा पंख्यासारखा नट सैल केला की दिवा उलटा फिरून इंजिनावर उजेड टाकतो, म्हणजे अंधारात दुरुस्ती करता येते. दिवा बदललेला असला तरी बिजागरीची जागा पत्र्यात सापडते.

तीन, मागची बाजू. युद्धातल्या जीपला मागे उघडणारं फळकूट नसतं. मागे स्टेपनी आणि जेरीकॅन लावायची जागा असते. नागरी मॉडेलला मागचं फळकूट आलं आणि स्टेपनी बाजूला गेली.

चार, स्टिअरिंग. युद्धातली प्रत्येक एमबी आणि जीपीडब्ल्यू डाव्या स्टिअरिंगची होती. तुमची आज उजव्या स्टिअरिंगची असली तरी लगेच निराश होऊ नका. आपल्याकडे अशा कित्येक गाड्या उजव्या करून घेतल्या गेल्या. डाव्या चासीवर स्टिअरिंग बॉक्सची जुनी भोकं आणि डावीकडच्या फळीला बुजवलेली गोल जागा आहे का, ते चाचपून पहा.

या चारांतून गाडी युद्धातली ठरली, तर मग विलीज की फोर्ड हा प्रश्न. रेडिएटरच्या खाली वाकून चासीच्या दोन बाजू जोडणारी सगळ्यांत पुढची आडवी पट्टी पहा. गोल नळी असेल तर विलीज. उलट्या ‘यू’ आकाराची चौकोनी पट्टी असेल तर फोर्ड. नागरी गाड्यांत हा नियम लावू नका.

त्यानंतर क्रमांक. विलीजचा चासी क्रमांक एका छोट्या पट्टीवर असतो. ती पट्टी पुढच्या बंपरच्या लगेच मागे, डाव्या चासीच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेली असते. फोर्डनं पट्टी वापरली नाही. त्यांनी क्रमांक डाव्या चासीच्या वरच्या अंगावर, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगच्या आसपास थेट ठोकला. इंजिन क्रमांक ब्लॉकच्या उजव्या अंगाला पुढे मिळेल, आणि त्याच्या आधी ‘एमबी’ किंवा ‘जीपीडब्ल्यू’ ही अक्षरं असतील. एक खूण ध्यानात ठेवा. फोर्डच्या गाडीचा इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक कारखान्यातून निघताना एकच असे. विलीजचे दोन क्रमांक मुळातच जुळत नसत. त्यामुळे विलीजचे क्रमांक वेगळे आले म्हणून इंजिन बदललंय, असा अर्थ काढू नका.

प्रश्न : फोर्डच्या बोल्टावर ‘एफ’ असतो, असं ऐकलं. ते खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि ही खूण फार कामाची आहे. फोर्डनं आपल्या जीपच्या जवळजवळ प्रत्येक भागावर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा, आपल्या नावातला हस्ताक्षरी वळणाचा ‘एफ’ उमटवला. बंपर, मडगार्ड, टूलबॉक्सची झाकणं, पिंटल हूक, काचेच्या चौकटीचे ब्रॅकेट, सगळीकडे तो सापडतो.

तो दिसायला मात्र हात काळे करावे लागतात. बंपर जिथे चासीला मिळतो तिथला एक बोल्ट निवडा. रात्रभर त्यावर रॉकेलात भिजवलेली चिंधी गुंडाळून ठेवा. सकाळी पितळी तारांच्या ब्रशनं हलकेच घासा. लोखंडी तारांचा ब्रश किंवा ग्राइंडर लावलात, तर अक्षर गंजासोबत निघून जाईल. मग टॉर्च समोरून मारू नका, बाजूनं आडवा धरा. आडव्या उजेडात डोक्यावरचा उंचवटा सावली टाकतो. डोक्याच्या मधोमध एक वळणदार उभी रेघ, वर उजवीकडे लपेटलेली आडवी आणि मध्ये छोटा आडवा फटकारा दिसला, की तो फोर्डचा ‘एफ’. अर्ध्या इंचाच्या पान्याला बसणाऱ्या बोल्टावर हे सगळं तुरीच्या दाण्याएवढ्या जागेत मावलेलं असतं. भिंग जवळ असू द्या.

आता सावधगिरीचा भाग. ‘एफ’चा एक बोल्ट सापडला म्हणून गाडी फोर्डची होत नाही. भाग एकमेकांना चालत असल्यामुळे सैन्याच्या वर्कशॉपमध्ये विलीजला फोर्डचा आणि फोर्डला विलीजचा भाग सर्रास बसे. शिवाय १९४४ च्या सुरुवातीपासून दोन्ही कंपन्यांच्या गाड्यांवर एकाच ठेकेदारानं बनवलेली समाईक बॉडी आली. म्हणजे शेवटच्या काळातल्या गाडीत सरमिसळ ही कारखान्यातूनच आलेली असू शकते. म्हणून सहज हात पोचणारे बोल्ट बाजूला ठेवा आणि अडचणीच्या जागांची यादी करा. तिथल्या दहापैकी सात-आठ बोल्टांवर ‘एफ’ असेल आणि पुढची पट्टीही चौकोनी असेल, तर गाडी फोर्डची म्हणायला हरकत नाही.

दुसरी सावधगिरी नकली मालाची. जीपचे शौकीन जगभर आहेत, त्यामुळे ‘एफ’ उमटवलेले नवे बोल्टही आज विकत मिळतात. नव्याची ओळख अशी : अक्षराच्या कडा धारदार असतात, सगळ्या बोल्टांचा मुलामा एकसारखा चमकतो, आणि मुख्य म्हणजे डोक्याखाली काही नसतं. जुना बोल्ट काढला, की वायसरखाली रंगाचं गोल कडं उरतं आणि पत्र्यावर त्याच मापाचा दाबलेला ठसा असतो. बोल्ट आणि जागा यांचा ठसा जुळतो का, हे पाहणं ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत पक्की परीक्षा आहे.

प्रश्न : ज्या बोल्टावर काहीच खूण नाही, त्याचं काय करायचं?

उत्तर : त्याचे आटे वाचा. आटे मोजायला पिच गेज नावाचं साधं हत्यार मिळतं. पात्यांच्या दातांत आटे बरोबर बसले, की माप कळलं. गोंदियात बोल्ट, बेअरिंग विकणाऱ्या दुकानात विचारून पहा. तिथे ‘चुडी गेज’ म्हटलं तरी चालेल.

तुमच्या जीपमध्ये तीन घराण्यांचे आटे निघू शकतात.

पहिलं अमेरिकन. ही जीपची मूळ भाषा. बारीक आट्यांचे बोल्ट जास्त असतात : पाव इंचाला इंचात २८ आटे, पाच सोळांश आणि तीन अष्टमांश इंचाला २४, अर्ध्या इंचाला २०. आट्याचा कोन ६० अंश.

दुसरं इंग्रजी, म्हणजे व्हिटवर्थ. याचा कोन ५५ अंश. आपल्याकडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, जुन्या राईस मिलच्या यंत्रांत आणि ब्रिटिश सैन्याच्या गोदामांत हेच चालत होतं. तुमच्या जीपमध्ये व्हिटवर्थ बोल्ट निघाला, तर तो भारतात आल्यावर कोणीतरी हाताशी होता म्हणून बसवला, असं धरून चाला. बसवणारा आजोबांच्या मिलमधला फिटरही असू शकतो.

तिसरं मेट्रिक. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि कारखाने हळूहळू त्या मापांकडे वळले. बोल्टाच्या डोक्यावर ‘८.८’ असा आकडा कोरलेला असेल, तर तो मेट्रिक आणि जीपच्या मानानं अगदी अलीकडचा.

इथे एक धोका आहे आणि तो गॅरेजमध्ये रोज घडतो. मोठ्या आट्यांच्या अमेरिकन आणि व्हिटवर्थ बोल्टांत पाव, पाच सोळांश, तीन अष्टमांश इंचाला इंचातले आटे सारखेच असतात. फक्त कोन वेगळा. त्यामुळे बोल्ट दोन-तीन फेरे गोडीनं जातो आणि मग घट्ट होतो. पाना लांब असला की मिस्त्री तो जोरानं बसवतो आणि भोकाचे मूळ आटे कायमचे खराब होतात. अर्ध्या इंचाला तर आटेच वेगळे, अमेरिकनला १३ आणि व्हिटवर्थला १२. तिथे जोर केला तर ब्लॉकचं नुकसान ठरलेलं.

पान्याचीही तीच गत. अमेरिकन पान्यावरचा आकडा डोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सांगतो, व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या दांड्याचं माप सांगतो. त्यामुळे दोघांवर ‘अर्धा’ लिहिलेलं असूनही एक पाना दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद दिसतो. आणि पाच सोळांशाच्या अमेरिकन बोल्टाला १३ चा मेट्रिक पाना बसतोसा वाटतो, पण तो ०.३ मिलिमीटर सैल असतो. तेवढ्यात षटकोनाच्या कडा गोल होतात. मूळ बोल्टाची डोकी वाचवायची असतील, तर इंची रिंग पान्यांचा एक सेट आधी विकत घ्या. या सगळ्या उद्योगात पैसे घालायचेच असतील, तर पहिले तिथे घाला.

प्रश्न : मीटर, कार्बोरेटर, दिवे यांच्यावरची नावं पुसट आहेत. त्यांवरून काळ कळतो का?

उत्तर : नाव नीट वाचता आलं तर पुष्कळ कळतं. युद्धातल्या जीपची वीजव्यवस्था ६ व्होल्टची होती आणि डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटर बहुधा ऑटोलाइटचे. कार्बोरेटर कार्टर कंपनीचा ‘डब्ल्यूओ’ जातीचा, क्रमांक ५३९एस. स्पीडोमीटर मैलांचा, आणि आकडे फक्त ६० पर्यंत. डाव्या मडगार्डवर शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून झाकलेला ब्लॅकआउट दिवा. यातलं जे सापडेल ते जपून ठेवा, मोडकं असलं तरी.

याउलट सोलेक्सचा कार्बोरेटर, १२ व्होल्टची बॅटरी, किलोमीटरचं मीटर हे सगळं इथलं. सुट्या भागांवरच्या कंपन्यांच्या नावांनीही काळ बांधता येतो. मायको, म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली बंगळूरला सुरू झाली आणि २००८ साली तिचं नाव बॉश झालं. मायकोचा शिक्का असलेला प्लग किंवा भाग या दोन सालांच्या मधलाच. लुकास-टीव्हीएस १९६१ ची, त्याआधीच्या गाडीत तिचा डायनामो मूळचा असूच शकत नाही.

तुमच्या शेडमध्ये जुन्या भागांची खोकी पडलेली असतील, तर त्यांच्याकडे आधी बघा. किमतीत आणे असतील तर माल १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या हिशेबातला. ‘नये पैसे’ असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४ मधला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. नुसतं ‘मुंबई-४’ किंवा ‘बॉम्बे-४’ अशा धर्तीचा पत्ता असेल तर बहुधा त्याआधीचा. ‘मद्रास’ असेल तर बहुतेक १९९६ च्या आधीचा. खोक्यातल्या वस्तूवर काहीच छापलेलं नसलं, तरी खोकं तिचं वय सांगून जातं. आजोबांनी कोणता भाग कोणत्या काळात बदलला, याचा हिशेब असा लागतो.

प्रश्न : रंगवाला म्हणतो, आधी सगळं घासून पत्रा उघडा करतो.

उत्तर : करू देऊ नका, निदान सगळीकडे नाही. जुना रंग हा कागदपत्रांइतकाच पुरावा असतो. एका जागी, सुपारीएवढ्या भागात, पाण्याचा ४०० नंबरचा सँडपेपर गोल गोल फिरवा. वरचे थर एकेक करून कडेला सरकतात आणि रंगांची कडी उमटतात. सगळ्यांत आतल्या कड्यात प्रायमर आणि त्यावर शेवाळी-तपकिरी झाक असलेला मिलिटरी हिरवा दिसला, तर घरातली ‘मिलिटरीची जीप’ ही गोष्ट बळकट होते. टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, डॅशबोर्डवरच्या माहितीपट्ट्यांच्या मागे, सीटच्या फ्रेमखाली आणि पट्टे अडकवायच्या कड्यांखाली हे पाहा. तिथे ऊन पोचत नाही आणि लांबीही भरलेली नसते.

बॉनेटच्या दोन्ही बाजूंना हेच काम जास्त जपून करा. अमेरिकन सैन्याच्या जीपचा नोंदणी क्रमांक बॉनेटच्या बाजूला लिहिलेला असे आणि तो २० नं सुरू होई. खालच्या थरात दोन जरी आकडे निघाले, तरी फोटो काढून थांबा. सँडब्लास्टिंगवाल्याकडे पत्रा गेला, की हा पुरावा तासाभरात नाहीसा होतो.

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. युद्ध संपल्यावर सैन्याच्या शिल्लक जीप देशभर लिलावात निघाल्या. म्हणून आपली जीप बिरसीहून आली असेल, असं घरात कोणी म्हणालं तर ऐकायला बरं वाटतं. पण तो पुरावा नव्हे. बॉनेटवरचा एक आकडा अशा दहा गोष्टींना भारी. जबलपूर जवळ असल्यामुळे आपल्या भागात तिथली जोंगाही पुष्कळ आली. सैन्याच्या डिस्पोजलमध्ये निघालेली ती सहा सिलिंडरची मोठी गाडी निसानच्या आराखड्यावरची. तिचे भाग जीपचे म्हणून कोणी विकले, तर घेऊ नका.

प्रश्न : इतकं करून अर्धे भाग मूळचे आणि अर्धे नंतरचे निघाले, तर? नंतरचे सगळे काढून टाकायचे का?

उत्तर : नाही. काढलेल्या भागांचे तीन वाटे करा.

पहिल्या वाट्यात कारखान्यातून आलेले भाग. ते स्वच्छ करून, तेल लावून पुन्हा त्याच जागी बसवा. घासून नवे करू नका.

दुसऱ्या वाट्यात भारतात बसवलेले, पण कामाचे भाग. व्हिटवर्थ बोल्ट, सोलेक्स कार्बोरेटर, मिलच्या फिटरनं घडवलेला एखादा ब्रॅकेट. हे चुकीचे भाग नाहीत. ही जीप कारखान्यात थोडाच काळ होती, आणि तुमच्या घरात काही दशकं आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१२ साली संमत केलेल्या तुरीन सनदेतही हाच विचार आहे. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हाही त्याचा इतिहास, आणि पुनर्बांधणी करताना काय बदललं त्याची नोंद ठेवायची. जीप प्रदर्शनात युद्धकाळातल्या रूपात ठेवायची असेल तर दुसरा वाटा डब्यात जाईल. घरची जीप म्हणून चालवायची असेल तर तो गाडीवर राहील. दोन्ही बरोबर. मात्र आधी ठरवा आणि मग करा.

तिसऱ्या वाट्यात धोक्याचे भाग. ब्रेकचे व्हील सिलिंडर, रबरी होज, तुटकं वायरिंग, झिजलेले स्टिअरिंगचे जोड, आटे मेलेले बोल्ट. इथे मूळचं-नंतरचं काही बघायचं नाही. नवे टाका. मूळ भाग चिठ्ठी लावून कपाटात ठेवा.

पद्धत सोपी आहे. पाना लावण्याआधी प्रत्येक जागेचा फोटो काढा, शेजारी पट्टी धरून. प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घाला आणि त्यावर पक्क्या शाईनं जागा लिहा. ‘उजवं पुढचं मडगार्ड, वरचे दोन’ इतकं स्पष्ट. सगळे बोल्ट एका डब्यात टाकले, की ठसे जुळवायची सोय संपली. आणि आपल्याकडचा पाऊस बघता, पिशवी बंद करण्याआधी आत थोडं तेल सोडायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या मामांकडे फियाट आहे. तिलाही हीच परीक्षा लागते का?

उत्तर : पद्धत तीच, भाषा वेगळी. फियाट ही इटलीची, त्यामुळे तिचे मूळ आटे मेट्रिकच. तिच्यात इंची बोल्ट निघाला तर तो नंतरचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवली. ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाणारी गोलमटोल गाडी १९५० च्या दशकातली. १९६४ साली ११०० डिलाइट आली आणि तीच पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. जुन्या गाडीत व्हेलियाचं मीटर किंवा मॅग्नेटी मारेलीचा विजेचा भाग निघाला, तर तो इटलीहून आलेला. तो भंगारात देऊ नका. त्याच जागी भारतीय कंपनीचा भाग असेल, तर वर सांगितलेल्या शिक्क्याच्या आणि खोक्याच्या युक्तीनं त्याचं साल काढा. मामांची गाडी ‘पद्मिनी’ असेल तर भारतीय भाग हेच तिचे मूळ भाग, हेही विसरू नका.

प्रश्न : कागदपत्रांचं काय? जुनं आरसी बुक अर्धवट फाटलेलं आहे.

उत्तर : फाटलेलं असलं तरी ते लॅमिनेट करू नका, पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा. त्यावरचे शिक्के बघा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीची नोंद भंडारा जिल्ह्याच्या दप्तरात. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हा सगळा भाग मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. त्यामुळे पहिला शिक्का मध्य प्रदेशचा निघाला तर बुचकळ्यात पडू नका. तो आजोबांच्याही आधीच्या मालकाचा असू शकतो, आणि गाडीचं वय सिद्ध करायला तोच सगळ्यांत मोलाचा.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनं, मूळ रूपात ठेवलेलं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेलं वाहन या नियमांत बसतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक ठेवू शकते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरती ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे गॅरेजवाल्याच्या सल्ल्यानं नवी बॉडी आणि दुसरं इंजिन टाकलंत, तर हा दरवाजा तुमच्याच हातानं बंद होतो.

शेवटी एक सक्त सूचना. चासी क्रमांकाच्या जागी ग्राइंडर, पंच किंवा लांबी काहीही लावू देऊ नका. क्रमांक पुसट असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा आणि ठसा उमटवून घ्या. क्रमांक उकरून ठळक करणं किंवा पुन्हा ठोकणं हा गुन्हा आहे. तसं झालं तर गाडी फोर्डची असो वा विलीजची, तिची नोंदणी अडकते.

तेव्हा मिस्त्रीला बोलावण्याआधी तीन फोटो काढून ठेवा : पुढची आडवी पट्टी, चासी क्रमांकाची जागा, आणि रॉकेलानं स्वच्छ केलेले पाच बोल्ट. आणि गोंदिया-भंडाऱ्याकडच्या ज्या वाचकांच्या मिलच्या शेडमध्ये जुन्या भागांची खोकी पडून आहेत, त्यांना विनंती, की ती किलोच्या भावानं भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडून, त्यांवरचे पत्ते आणि किमती वाचून बघा.